इक्विपमेंट कार्डांचे अडलेले नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फँटसी डेक-बिल्डिंग खेळात, म्हणजे डाव चालू असतानाच कार्डं मिळवत आपला डेक (कार्डांचा गठ्ठा) बांधत जायच्या खेळात, डाव सगळ्यात जास्त वेळा अडतो तो तलवारी, ढाली आणि चिलखतांवर. साधं कार्ड खेळलं की त्याचा परिणाम होतो आणि ते डिस्कार्डमध्ये, म्हणजे वापरलेल्या कार्डांच्या ढिगात, जातं. इक्विपमेंट कार्डाला मात्र दुसरं कार्ड लागतं. ते त्याच्यावर चढतं, त्याच्याबरोबर राहतं किंवा त्याच्याशिवाय उरतं, आणि त्यावरच्या एकाच वाक्यात खेळाडू, हिरो आणि शस्त्र असे तिघे असतात. वाक्यातली क्रिया नेमकी कुणाची, इथे गोंधळ सुरू होतो.

गेली काही वर्षं आमच्या टेबलावर नियमांची वही माझ्याकडे असते. त्या वहीतले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे उतरवते आहे. ‘काळी ढाल’, ‘वेताळाची तलवार’ अशी जी कार्डं उदाहरणात येतील ती समजावण्यासाठी मीच रचली आहेत. थंडरस्टोन, डोमिनियन, मंचकिन किंवा मॅजिक यांच्याबद्दल जे लिहिलं आहे ते त्या त्या खेळाच्या नियमांतलं आहे. मॅजिक: द गॅदरिंग हा डेक-बिल्डिंग प्रकारातला खेळ नाही, तिथे डेक आधीच बांधून आणतात. तरी त्याचा दाखला वारंवार देते, कारण इक्विपमेंटचे इतके काटेकोर नियम मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

नियमपुस्तिका एक सांगते आणि कार्ड दुसरंच. कुणाचं ऐकायचं?

कार्डाचं. मॅजिकच्या नियमावलीत १०१.१ क्रमांकाचा नियमच हा आहे: कार्डावरचा मजकूर नियमाच्या थेट विरुद्ध असेल तर कार्ड वरचढ. बहुतेक कार्ड खेळ हेच तत्त्व पाळतात.

पण कार्ड जेवढं बोलतं तेवढ्यापुरतंच ते वरचढ असतं, आणि हे विसरलं जातं. थंडरस्टोनमध्ये (२००९) एका हिरोला एकच शस्त्र घेता येतं, आणि शस्त्राचं वजन हिरोच्या ताकदीपेक्षा जास्त असून चालत नाही. समजा एखाद्या कार्डावर लिहिलं आहे, ‘हा हिरो दोन शस्त्रं घेऊ शकतो’. यानं एका शस्त्राची मर्यादा मोडली. वजनाची मर्यादा जिथल्या तिथे आहे, तिला या वाक्यानं हातही लावलेला नाही. ‘दोन घेऊ शकतो म्हणजे कुठलीही दोन’ हा अर्थ आपण आपल्या सोयीनं जोडलेला असतो.

दोन कार्डं एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतील तर ‘नाही’ म्हणणारं जिंकतं. मॅजिकमध्ये हा लगेच पुढचा नियम आहे, १०१.२. एक कार्ड म्हणालं ‘या टर्नला आणखी एक शस्त्र चढवता येईल’ आणि राक्षसाचं कार्ड म्हणालं ‘या लढाईत शस्त्रं चढवता येणार नाहीत’, तर शस्त्र चढत नाही. तुमच्या खेळाच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर अर्थात ते धरा.

इक्विपमेंट नेमकं कधी ‘चढलं’ असं समजायचं?

आधी आपला खेळ कुठल्या घराण्यातला आहे ते बघा. एका घराण्यात हिरो आणि शस्त्र दोन्ही डेकमधून तुमच्या हातात यावे लागतात. त्या टर्नपुरती जोडी जमते आणि टर्न संपली की दोघंही डिस्कार्डमध्ये जातात. थंडरस्टोन असा आहे. हिरो एकीकडे आणि तलवार डेकच्या तळाशी, ही हळहळ त्या खेळाचा आत्माच म्हणायला हवी. दुसऱ्या घराण्यात इक्विपमेंट टेबलावर मुक्काम करतं. मॅजिकमध्ये २००३ च्या मिरोडिन संचापासून इक्विपमेंट आलं ते असं: आधी ते टेबलावर आणायचं, मग वेगळी किंमत मोजून प्राण्यावर (तिथल्या लढणाऱ्या कार्डावर) चढवायचं, आणि हे चढवणं फक्त आपल्या टर्नच्या मुख्य टप्प्यात, दुसऱ्या कशाचाही परिणाम व्हायचा बाकी नसताना.

म्हणजे कार्डाच्या तीन अवस्था झाल्या: खेळाडूकडे आहे, टेबलावर आहे, हिरोवर चढलं आहे. ‘तुमच्याकडे ढाल असेल तर’ या वाक्यात कुठली अवस्था अभिप्रेत आहे हे पुस्तिकेतून शोधून पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवा. पुस्तिका गप्प असेल तर मी ‘चढलेली’ हाच अर्थ धरते. न चढलेल्या ढालीनं वार अडला तर चढवण्याचा खटाटोप कुणी कशासाठी करेल?

‘हातातलं शस्त्र टाका’ यातला हात कुणाचा?

हा प्रश्न आमच्या वहीत सगळ्यात जुना आहे आणि तो माझ्याच चुकीतून आला.

‘हात’ या शब्दाचा भार बघा. खेळाडूनं धरलेली कार्डं म्हणजे हात. हिरोचे दोन हात म्हणजेही हात. मंचकिनमध्ये (२००१) तर वस्तूंवर एक हात लागेल की दोन ते छापलेलंच असतं आणि एकूण दोनच हात मिळतात. शिवाय साध्या पत्त्यांत जिंकलेल्या फेरीलाही आपण हातच म्हणतो. इंग्रजी मजकुरातही पहिले दोन अर्थ एकाच शब्दात असतात, पण तिथे निदान वाक्याची घडण मदत करते. मराठीत ‘हातातलं’ म्हटलं की दोन्ही दारं उघडी.

मी लहानांसाठी कार्डांच्या स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या पाकिटात) मराठी चिठ्ठ्या घातल्या होत्या. एका चिठ्ठीवर मी लिहिलं होतं: ‘हातातलं एक शस्त्र टाकून दे आणि ३ कार्डं उचल.’ माझ्या भाच्याकडे हातात शस्त्र नव्हतं, पण त्याच्या हिरोवर भाला चढलेला होता. त्यानं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, “हिरोच्या हातात आहे की भाला, तो टाक.” त्यानं भाला उचलला आणि बाद कार्डांच्या, म्हणजे डावातून कायमच्या गेलेल्या कार्डांच्या, ढिगावर ठेवला. तीन कार्डं उचलली, खूश झाला. डेक दोनदा पिसून झाल्यावर तो थांबला. हातातली कार्डं खाली ठेवून म्हणाला, “मावशी, माझा भाला परत का येत नाहीये?”

चिठ्ठी काढून खालचं मूळ कार्ड वाचलं. त्यात खेळाडूच्या हातातलं कार्ड डिस्कार्ड करायला सांगितलं होतं. म्हणजे चढलेला भाला चाललाच नसता, आणि चालला असता तरी तो बाद झाला नसता. एका वाक्यात मी दोन चुका केल्या होत्या, ‘हात’ची आणि ‘टाकणे’ची, आणि दोन्हींची किंमत त्यानं मोजली होती. तो काही बोलला नाही, पण पुढचं प्रत्येक कार्ड खेळण्याआधी तो माझ्याकडे बघत होता. ते मला फार लागलं.

तेव्हापासून चिठ्ठ्यांवर ‘हँड’ म्हणजे खेळाडूची कार्डं आणि ‘चढलेलं’ म्हणजे हिरोवरचं, एवढेच शब्द असतात. शुद्ध मराठीचा आग्रह मला इतरत्र प्रिय आहे. इथे एका गोष्टीला एकच शब्द हवा.

‘टाका’, ‘काढा’, ‘नष्ट करा’: कार्ड जातं कुठे?

डेक-बिल्डिंग खेळात डिस्कार्ड हा परतीचा रस्ता आहे. डेक संपला की डिस्कार्ड पिसून नवा डेक होतो, म्हणजे डिस्कार्ड केलेली तलवार पुन्हा येणारच. ट्रॅश केलेली तलवार डावातून गेली. डोमिनियनमध्ये (२००८) या दोन क्रियांना दोन वेगळे शब्द आहेत आणि ते कधीही सरमिसळ होत नाहीत. काही खेळांत मात्र ‘मोडलं’, ‘गमावलं’, ‘वितळलं’ असे कथेतले शब्द येतात आणि घोळ होतो.

पुस्तिकेच्या शब्दसूचीत तो शब्द असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर शेजारची कार्डं चाळा. त्याच संचातल्या दुसऱ्या कार्डावर ‘मोडलेलं शस्त्र परत घ्या’ असं काही असेल, तर मोडलेलं शस्त्र कुठेतरी शिल्लक असायला हवं, हे उघड आहे. एका कार्डाचा अर्थ दुसऱ्या कार्डानं लावायचा, ही माझी सगळ्यात आवडती पद्धत आहे. दहातल्या सहा-सात वेळा पुढे वाद करावाच लागत नाही.

एक सावधगिरी. पुष्कळजण म्हणतात, ‘शंका असेल तर डिस्कार्ड धरू, ते सौम्य आहे.’ डेक-बिल्डिंगमध्ये हे नेहमी खरं नसतं. थंडरस्टोनचा सुरुवातीचा डेक १२ कार्डांचा: ६ मिलिशिया (साधे सैनिक), २ खंजीर, २ मशाली, २ शिधा. हँड ६ कार्डांचा. पुढे चांगली शस्त्रं घेतल्यावर हेच खंजीर हँडमध्ये जागा अडवून बसतात. अशा वेळी खंजीर कायमचा जाणं हे बक्षीस आहे. डोमिनियनचं चॅपल हे कार्ड दोन नाण्यांत मिळतं आणि हँडमधली ४ पर्यंत कार्डं ट्रॅश करू देतं; एवढं एकच काम करणारं हे कार्ड पहिल्या संचातल्या ताकदवान कार्डांत गणलं जातं. तेव्हा कुठला अर्थ सौम्य, ते शब्दावरून ठरवू नका. त्या खेळाडूच्या डेककडे बघा.

हिरो मेला तर त्याच्यावरचं सामान कुठे जातं?

मॅजिकमध्ये प्राणी गेला तरी इक्विपमेंट टेबलावर तसंच राहतं, फक्त सुटं होतं. किंमत भरून ते दुसऱ्यावर चढवता येतं. प्रतिस्पर्ध्यानं तुमचा प्राणी ताब्यात घेतला तरी त्यावरची तलवार तुमच्याच ताब्यात राहते आणि पुढच्या टर्नला तुम्ही ती काढून आपल्या दुसऱ्या प्राण्याला देऊ शकता.

तुमचा खेळ यावर गप्प असेल तर माझा निर्णय असा: सामान मालकाच्या डिस्कार्डमध्ये. सामान खेळाडूनं मिळवलेलं असतं, हिरोनं नाही. हिरोबरोबर सामानही ट्रॅश करायचं असेल तर खेळानं ते स्पष्ट लिहायला हवं होतं. एका कार्डाच्या मरणात दुसरं कार्ड ओढायला लेखी आधार लागतो.

ताकद कमी झाली तर आधी चढवलेलं शस्त्र उतरवायचं का?

वाक्यातला काळ बघा. ‘चढवताना ताकद ५ हवी’ असेल तर तपासणी एकदाच झाली. ‘ताकद ५ असलेल्या हिरोवर चढतं’ किंवा ‘ताकद ५ असेपर्यंत’ असेल तर ती अट चालू आहे, ताकद ४ झाली की शस्त्र उतरलं. दोन्ही अर्थ निघत असतील तर मी चालू अट धरते. नाहीतर शिध्यानं एका क्षणापुरती ताकद वाढवायची, अजस्र परशू चढवायचा आणि पुढे विसरून जायचं, अशी पळवाट तयार होते.

‘टर्नमधून एकदा’ म्हणजे कुणाच्या टर्नमध्ये? आणि माझ्याकडे तशाच दोन ढाली असतील तर?

‘तुमच्या टर्नमध्ये एकदा’ लिहिलं असेल तर फक्त तुमच्या. ‘प्रत्येक टर्नमध्ये एकदा’ लिहिलं असेल तर प्रतिस्पर्ध्याच्या टर्नमध्येही एकदा. काळी ढाल ‘टर्नमधून एकदा २ घाव अडवते’ आणि लढाई चौघांच्या टर्नमध्ये होत असेल, तर या दोन वाचनांत एका फेरीत २ घाव आणि ८ घाव एवढं अंतर पडतं.

दोन ढालींचं उत्तर सोपं आहे. कार्ड स्वतःचं नाव घेतं तेव्हा ते त्या एका कार्डाबद्दल बोलत असतं. मॅजिकमध्येही तसाच नियम आहे. म्हणून दोन ढाली असतील तर प्रत्येकीला आपापलं ‘एकदा’. हिरोवर दोन ढाली चढतात का, हा निराळा प्रश्न आहे आणि तो हिरोवर कुठल्या सामानाला किती जागा आहे या नियमानं सुटतो.

‘उचलू शकता’, ‘उचलावे’, ‘उचला’: यात सक्ती कुठे आहे?

‘शकता’ म्हणजे मर्जी. ‘उचला’ म्हणजे आज्ञा. ‘उचलावे’ हे मराठीचं नाजूक रूप आहे, ते आज्ञाही असतं आणि सल्लाही. मराठी चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती की ‘-वे’ टाळा. ‘उचल’ किंवा ‘हवं तर उचल’, एवढंच लिहा.

हा फरक किती मोठा आहे ते डोमिनियनच्या थ्रोन रूममध्ये दिसतं. पहिल्या आवृत्तीत मजकूर असा होता की हँडमधलं एक ॲक्शन कार्ड निवडा आणि ते दोनदा खेळा. हातात फक्त नको असलेलं ॲक्शन कार्ड उरलं असेल तर तेही दोनदा खेळणं भाग होतं. २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘खेळू शकता’ झालं आणि ती सक्ती गेली.

सक्तीची आज्ञा पुरती पाळता येत नसेल तर? डोमिनियनचं तत्त्व आहे, जेवढं जमेल तेवढं करा. ३ कार्डं डिस्कार्ड करायची आहेत आणि हँडमध्ये २ च आहेत, तर २ करा. मात्र वाक्यात ‘तसं केलंत तर’ असेल तर पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही. ‘एक चढलेलं शस्त्र ट्रॅश करा. तसं केलंत तर ४ नाणी घ्या.’ शस्त्रच नसेल तर नाणी नाहीत.

बेरीज आधी की दुप्पट आधी?

हिरोचा हल्ला ३. वेताळाची तलवार ‘हल्ला +२’. रुधिरमणी ‘हल्ला दुप्पट’. एका क्रमानं १०, दुसऱ्या क्रमानं ८. मॅजिकनं असल्या प्रश्नांसाठी परिणामांचे थर आणि त्यांत वेळेचा क्रम ठरवून दिला आहे. साध्या खेळात तेवढं नसतं, तेव्हा कार्डं ज्या क्रमानं चढवली तो क्रम मी मानते. तो टेबलावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलेला असतो. सगळी कार्डं एकदमच मांडायची पद्धत असेल तर क्रम ठरवण्याची मुभा त्या टर्नच्या खेळाडूला द्या, पण त्यानं तो आकडा मोजण्याआधी मोठ्यानं सांगायचा.

‘हे शस्त्र दोनदा वापरा’ हा वेगळा प्रकार. तिथे थ्रोन रूमसारखंच करा: पहिला वापर शेवटपर्यंत पुरा, मग दुसरा. परिणाम दोनदा होतो, पण कार्ड एकच आहे. ते जागा एकच घेतं आणि वजनही एकदाच धरायचं.

कार्डं उचलताना डेक संपला तर चढलेलं सामान पिसण्यात घ्यायचं का?

नाही. जे डिस्कार्डमध्ये आहे तेच पिसलं जातं. ५ उचलायची आहेत, डेकमध्ये २ आहेत: २ उचला, डिस्कार्ड पिसा, उरलेली ३ उचला. टेबलावरची कार्डं बाहेरच राहतात. टर्नच्या शेवटी आधी आवरायचं की आधी नवी कार्डं उचलायची, हा क्रमही महत्त्वाचा आहे. डोमिनियनमध्ये आधी आवरतात, म्हणून नुकतंच खेळलेलं कार्ड लगेच पिसण्यात येऊ शकतं.

चित्र आणि मजकूर जुळत नाहीत.

मजकूर धरा. चित्रात हिरोच्या हातात ढाल दिसते म्हणून त्याच्याकडे ढाल आहे असं होत नाही.

‘खऱ्या लढाईत असं होणार नाही’ हा मुद्दा चालतो का?

सगळ्यात शेवटी, आणि फार हलक्या हातानं. ‘दोन हातांची तलवार घेतल्यावर ढाल कशी धरेल?’ हे ऐकायला बिनतोड वाटतं. पण खेळ लिहिणाऱ्यानं ढालीला हाताची जागा दिलीच नसेल, तर ती पाठीवर आहे असं समजा. कथा प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी असते आणि जो उत्तम बोलतो त्याची कथा जिंकते. अबोल खेळाडूवर तो अन्याय आहे.

जुनी छपाई आणि नवी छपाई वेगळं सांगतात.

नवी अधिकृत शब्दरचना धरा. मॅजिकमध्ये तर जुन्या कार्डावर काहीही छापलेलं असलं तरी प्रकाशकांच्या नोंदीतला ताजा मजकूरच लागू होतो. फक्त हे डाव मांडण्याआधी सगळ्यांना सांगा. अर्ध्या डावात मोबाइल काढून ‘हे कार्ड आता असं नाही’ म्हणणं नियमानं बरोबर असलं तरी समोरच्यानं ते कार्ड जुन्या अर्थावर विसंबून विकत घेतलेलं असतं.

मध्येच अडलं आणि एकमत होत नाही. काय करायचं?

घड्याळ लावून दोन मिनिटं. कार्ड मोठ्यानं, शब्द न् शब्द वाचा. आठवणीतून सांगू नका. मग ज्याला या निर्णयाचा फायदा किंवा तोटा सगळ्यात कमी आहे त्यानं निर्णय द्यायचा. सगळ्यांनाच सारखा फरक पडत असेल तर नाणं उडवा. तो निर्णय त्या डावापुरता सगळ्यांना लागू, पुढे दुसऱ्या कुणाच्या हातात तेच कार्ड आलं तरीही. वहीत तारीख, कार्डाचं नाव आणि निर्णय लिहा, डाव संपल्यावर अधिकृत उत्तर शोधा, सापडलं तर जुनी नोंद खोडू नका. खाली नवी लिहा.

निर्णय देण्याआधी मी स्वतःला एक विचारते: हेच कार्ड समोरच्याकडे असतं तर मी असाच अर्थ लावला असता का? उत्तर द्यायला जरा जरी वेळ लागला तर निर्णय दुसऱ्याकडे सोपवते.

चूक दोन टर्ननंतर लक्षात आली. मागे जायचं का?

मधे डेक पिसला गेला असेल किंवा कुणी लपलेलं कार्ड पाहिलं असेल तर मागे जाऊ नका, तो डाव तसाच उभा करता येत नाही. तसं नसेल आणि सगळे तयार असतील तर एक टर्न मागे जायला हरकत नाही. एखादं कार्ड चुकीच्या ढिगात गेलं असेल तर ते योग्य ढिगात ठेवून पुढे चला. भाच्याचा भाला आम्ही त्या दिवशी बाद कार्डांतून काढून त्याच्या डिस्कार्डमध्ये ठेवला. उचललेली तीन कार्डं तशीच राहू दिली, ती तोवर खेळूनही झाली होती.